डिमेन्शिया असलेल्या माणसाचा दिवस: शुश्रूषा केंद्रात काय बदलता येतं

आईला किंवा वडिलांना डिमेन्शियामुळे शुश्रूषा केंद्रात ठेवायची वेळ आली की घरचे आधी दोन गोष्टी बघतात: जागा स्वच्छ आहे का, आणि औषधं वेळच्या वेळी देतात का. दोन्ही बघायलाच हव्यात. पण तिथे राहणाऱ्या माणसाचा सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोप लागेपर्यंतचा वेळ कसा जातो, हे विचारायचं बहुतेकदा राहून जातं. मनात कुठेतरी असतं, 'त्यांना आता काय कळतंय?' केंद्र चालवणाऱ्यांच्याही मनात अनेकदा हेच असतं. या समजुतीपायी फार दुःख ओढवतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमर असलेल्या १७ जणांना त्यांनी एकदा दुःखी आणि एकदा आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं, तर काय पाहिलं ते त्यांना फारसं सांगता येईना. पण त्या दृश्यांनी मनात उठलेलं दुःख किंवा आनंद मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून राहिला. त्यातही ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त वेळ रेंगाळलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सकाळी कुणी वसकन अंगावर आलं, तर तो प्रसंग दहा मिनिटांत पुसला जाईल. त्यातून आलेली धास्ती मात्र राहील, आणि ती कशामुळे आली हे त्या माणसाला स्वतःलाही सांगता येणार नाही. दुपारी तो उगाच चिडचिडा वाटेल आणि नोंदवहीत 'कारण नसताना आक्रमक' असं लिहिलं जाईल. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुलगी येऊन हात हातात घेऊन तासभर बसून गेली, आणि संध्याकाळी 'आज कोण आलं होतं?' या प्रश्नाला 'कुणी नाही' असं उत्तर आलं, तरी ती भेट फुकट गेलेली नसते.

आजाराबद्दल थोडक्यात. डिमेन्शिया हे एका रोगाचं नाव नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या वेगवेगळ्या विकारांमुळे स्मृती, भाषा, निर्णयशक्ती, दिशांचं भान असं एकेक उतरत जातं, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात मोठा वाटेकरी. सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो असतो. बाकीच्यांत मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यामुळे होणारा प्रकार, लेवी बॉडी डिमेन्शिया वगैरे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी त्यात जवळपास १ कोटींची भर पडते. अल्झायमरसारखे विकार पूर्ण बरे करणारं औषध आज नाही. पण बरं करता येत नाही आणि काहीच करता येत नाही, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

दिवस चांगला गेला, हे ठरवायचं कुणी?

सौम्य आणि मध्यम टप्प्यातल्या माणसांना सोप्या शब्दांत, घाई न करता विचारलं, तर ती आपल्या जगण्याबद्दल बऱ्यापैकी सांगू शकतात. त्यासाठी खास प्रश्नावल्या तयार केलेल्या आहेत. त्या वापरून झालेल्या अभ्यासांत दोन गोष्टी पुनःपुन्हा दिसतात. एक म्हणजे, रहिवासी स्वतःच्या आयुष्याला जे गुण देतात ते नातेवाइकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी त्यांच्या वतीने दिलेल्या गुणांपेक्षा सहसा जास्त असतात. आपण त्यांच्याकडे 'काय होते आणि काय झाले' अशा नजरेनं बघतो. ते मात्र आजचा दिवस जगत असतात. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. स्मरणशक्तीच्या चाचणीत किती गुण पडले, याचा त्यांच्या समाधानाशी फार थोडा संबंध असतो. नैराश्याचा मात्र अगदी जवळचा. गेलेली स्मृती आपल्याला परत आणता येत नाही, पण उदासी, वेदना, एकटेपणा आणि भीती यांवर काम करता येतं. प्रयत्न कुठे लावायचे याचं उत्तर यातच आहे.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत हा विचार ठामपणे मांडला. केंद्रांत तासन् तास बसून त्यांनी निरीक्षणं केली. रहिवाशाच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारणं, त्याच्यासाठी सगळं भराभर उरकून टाकणं, खोटं सांगून वेळ मारून नेणं, लहान मूल समजून बोलणं, हाक मारली तरी लक्ष न देणं. हे करणारी माणसं दुष्ट नसतात, चांगली आणि थकलेली असतात. पण या वागण्यानं माणूस आतून खचत जातो, आणि त्या खचण्याचं खापर आजारावर फुटतं, असं किटवुड यांचं म्हणणं होतं. डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या गरजा त्यांनी अशा सांगितल्या: दिलासा, कुणाशी तरी जिव्हाळा, इतरांत सामावलेलं असणं, हाताला काही काम, आणि 'मी कोण' याची ओळख. या सगळ्यांच्या मधोमध त्यांनी प्रेम ठेवलं. आजही जगभर 'व्यक्तिकेंद्री काळजी' म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग इथून आलेला आहे.

ओरडणं, ढकलणं, भटकणं

ज्याला 'पोट दुखतंय' असं जुळवून सांगता येत नाही, तो काय करेल? ओरडेल. उठून चालू लागेल. जवळ येणाऱ्याचा हात झटकेल. बाहेरून बघणाऱ्याला ही समस्या वाटते. आतून तो निरोप असतो. म्हणून कुणाच्या वागण्यात बदल दिसला की 'याला शांत कसं करायचं' याआधी 'याला काय सांगायचं आहे' हे विचारायला हवं. बोलायला सोपं असलं तरी माझ्या मते चांगलं केंद्र आणि वाईट केंद्र यांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

वेदनेचं उदाहरण घ्या. नॉर्वेमधल्या १८ केंद्रांत मध्यम ते तीव्र डिमेन्शिया असलेल्या आणि सतत अस्वस्थ असणाऱ्या ३५२ जणांवर एक अभ्यास झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची काळजी नेहमीसारखी चालू ठेवली. दुसऱ्या गटाला ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनाशामक औषधं दिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना लागलं ते साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांनी दुसऱ्या गटातली अस्वस्थता पहिल्याच्या तुलनेत १७ टक्क्यांनी कमी झालेली होती. म्हणजे 'वर्तनसमस्या' म्हणून ज्यांची नोंद होती, त्यांच्यातल्या कित्येकांचे गुडघे, पाठ किंवा दात दुखत होते आणि ते कुणाला कळलं नव्हतं.

न बोलणाऱ्या माणसाची वेदना ओळखण्याच्या पद्धती आहेत. पेनॅड नावाची एक छोटी मोजपट्टी श्वास, कण्हणं किंवा ओरडणं, चेहऱ्यावरचे भाव, शरीराची ठेवण आणि जवळ घेतल्यावर शांत होतो की नाही, या पाच गोष्टी बघून शून्य ते दहा गुण देते. मात्र ती झोपलेल्या माणसावर वापरून भागत नाही. कूस बदलताना, उठवताना, पाय उचलताना बघायचं. वेदना तेव्हाच चेहऱ्यावर येते.

एक गोष्ट घरच्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. डिमेन्शिया सावकाश वाढतो. काल बरं असलेलं माणूस आज अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, गुंगीत गेलं किंवा फार चिडलं, तर 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, नव्यानं सुरू केलेलं एखादं औषध, अशी कारणं असू शकतात. त्यातली बरीचशी दूर करता येतात, आणि काही लगेच दूर केली नाहीत तर जिवावर बेततात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. चष्मा पुसलेला आहे का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, कवळी नीट बसते का, हेही बघा. ही क्षुल्लक वाटणारी कामं केंद्रांत सगळ्यात जास्त राहून जातात.

आता शांत करणाऱ्या औषधांबद्दल. भ्रम आणि भास यांवरची मनोविकारांची औषधं डिमेन्शियातल्या अस्वस्थतेसाठी जगभर सर्रास दिली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली नव्या प्रकारच्या आणि २००८ साली जुन्या प्रकारच्या अशा औषधांवर, डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ब्रिटिश सरकारसाठी २००९ साली झालेल्या एका अहवालात अंदाज होता की तिथे वर्षाला सुमारे १,८०,००० डिमेन्शियाग्रस्तांना ही औषधं दिली जातात, त्यातल्या सुमारे ३६,००० जणांना काही फायदा होतो, आणि वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवतात. लेवी बॉडी प्रकारात तर ती फारच घातक ठरू शकतात. काही वेळा, म्हणजे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर इजा करण्याच्या बेतात असेल आणि बाकी उपाय करून झाले असतील, तेव्हा ती द्यावी लागतात. तेव्हाही कमीत कमी मात्रा, ठरलेली मुदत, आणि मुदत संपली की फेरविचार. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी 'चालू आहे म्हणून चालू' राहत असेल, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना ती का, हे विचारायलाच हवं. मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आंघोळीची अर्धी घटका

कुठल्याही केंद्रातल्या मदतनीस मावशींना विचारा, दिवसातलं सगळ्यात जिकिरीचं काम कोणतं. बहुतेक जणी आंघोळ असंच सांगतील. ओरखडे, चावे, आरडाओरडा, सगळं तिथे होतं. या एका कामाकडे जरा जवळून बघू, कारण यात सगळंच दिसतं.

रहिवाशाच्या बाजूनं हा प्रसंग असा घडतो. नुकतीच जाग आलेली आहे. समोरचा चेहरा ओळखीचा वाटत नाही. तो चेहरा भराभर काहीतरी बोलतो आणि पांघरूण ओढून काढतो. चाकाच्या खुर्चीत बसवून, अंगावर अर्धवट कपडे असताना, लांबलचक बोळातून नेलं जातं. पुढे फरशीची गार खोली, भगभगीत दिवा, घुमणारे आवाज. दोन माणसं मिळून कपडे उतरवू लागतात. आणि मग वरून, दिसत नाही अशा ठिकाणाहून, तोंडावर पाण्याचा मारा सुरू होतो. आपण त्या जागी असतो तर आपणही हात उगारला असता.

अमेरिकेतल्या १५ केंद्रांत यावर एक चांगला अभ्यास झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आंघोळ घालायच्या दोन वेगळ्या रीती कर्मचाऱ्यांना शिकवल्या. पहिलीत न्हाणीघर तेच, पण पद्धत माणसाच्या कलानं घ्यायची: खोली आधी उबदार करायची, खुर्चीवर मऊ बैठक घालायची, अंगावर टॉवेल ठेवूनच एकेक भाग धुवायचा, पाणी पायांपासून सुरू करायचं, हात लावण्याआधी सांगायचं, डोक्यावरून पाणी शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या रीतीत न्हाणीघरात जायचंच नाही. माणूस अंथरुणातच राहतो. कोमट पाण्यात आणि धुवून काढावा न लागणाऱ्या साबणात भिजवलेला मोठा टॉवेल अंगभर पसरायचा, वरून कोरडं पांघरूण, आणि टॉवेलवरूनच हलक्या हातानं चोळत अंग स्वच्छ करायचं. एक क्षणही उघडं पडावं लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि चोळण्याचा स्पर्श सुखाचा वाटतो. पहिल्या रीतीनं आक्रमक प्रसंग ५३ टक्क्यांनी आणि दुसरीनं ६० टक्क्यांनी कमी झाले.

माणसं तीच, आजार तोच, नवं औषध काहीही नाही. आंघोळीला 'विरोध करणारी' म्हणून ओळखली जाणारी ही माणसं खरं तर थंडीला, लाजेला आणि भीतीला विरोध करत होती. याला जोडून एक प्रश्न प्रत्येक केंद्रानं स्वतःला विचारावा: रोज सगळ्यांना, सकाळी ठरावीक वेळेतच न्हाऊ घालायला हवं, हा नियम कुणाच्या सोयीचा आहे? आवश्यक भाग रोज नीट स्वच्छ झाले आणि संपूर्ण आंघोळ एक दिवसाआड, त्या माणसाला सवय असेल त्या वेळी झाली, तर आरोग्याचं काही बिघडत नाही.

बोलण्याची धाटणीही इथेच कळते. 'चला हं, शहाण्या बाळासारखं हात वर करायचा, आता आपण न्हाऊ करू या!' हे प्रेमानंच म्हटलेलं असतं. पण सत्तर-ऐंशी वर्षं जगलेल्या, घर चालवलेल्या, माणसं सांभाळलेल्या बाईला हा सूर खटकतो, शब्द कळले नाहीत तरी खटकतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काळजीच्या कामांचं चित्रीकरण करून क्षणाक्षणाची नोंद केली. बाळाशी बोलल्यासारखं बोललं, तेव्हा रहिवाशांनी विरोध करण्याची शक्यता मोठ्या माणसाशी बोलतो तसं बोलण्याच्या तुलनेत सुमारे दुप्पट होती. म्हणून समोर यावं, डोळ्यांच्या पातळीला बसावं, नाव किंवा त्यांना आवडणारी हाक वापरावी आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'आजी, पाणी छान कोमट आहे. आधी पाय धुऊ का?' मग थांबावं. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. आपण सहसा तीन सेकंदांत पुढचा प्रश्न विचारतो आणि तिला पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लावतो.

पुढ्यातलं ताट

डिमेन्शियात वजन घटतं, आणि त्यामागे अनेक कारणं असतात. त्यातलं एक नजरेचं आहे. रंगछटांतला फरक ओळखणं अवघड होतं. पांढऱ्या ताटात फिक्या रंगाचं अन्न वाढलं तर ते दिसतच नाही. बॉस्टनमध्ये प्रगत अल्झायमर असलेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी भडक लाल भांड्यांत जेवण दिलं, तेव्हा खाणं सरासरी २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. अभ्यास अगदी लहान होता, त्यामुळे हे आकडे सगळीकडे लावू नयेत. पण करून बघायला कवडीचाही धोका नाही.

दुसरी कारणं माणसाच्या आयुष्यात दडलेली असतात. समजा, एक आजी ताटासमोर नुसत्याच बसतात. नोंदवहीत 'भूक कमी' असं लिहिलेलं. आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवलेली ही बाई. भोवतीची दहा माणसं अजून जेवताहेत, आणि आपण आधी जेवायचं तिला सुचतच नाही. मदतनीस मुलगी स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसली, 'माझं झालंय, आता तुम्ही घ्या' म्हणाली, तर पहिला घास उचलला जातो. असा उपाय कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तो सापडतो त्या माणसाची हकिगत माहीत असेल तर. म्हणून प्रत्येक रहिवाशाची जीवनकथा, दोन पानांची का होईना, काळजी घेणाऱ्या हातांपर्यंत पोहोचायला हवी. कार्यालयातल्या कपाटात ती असून उपयोग नाही.

शेवटच्या टप्प्यात गिळणं अवघड होतं आणि नाकातून किंवा पोटातून नळी घालायची का, हा प्रश्न घरच्यांपुढे येतो. तो फार जड प्रश्न आहे. पुरावा असा सांगतो की प्रगत डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही, आणि नळी उपसून काढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची शिफारस नळीच्या विरोधात आहे. त्याऐवजी हातानं, सावकाश, जेवढं सुखानं जाईल तेवढं भरवावं, असं ती सांगते. नळी न घालणं म्हणजे उपाशी ठेवणं, असा अपराध घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

रिकामा वेळ आणि उजेड

अमेरिकन डॉक्टर बिल थॉमस यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात काम करताना सांगितलं की इथली माणसं एकटेपणा, असहायता आणि कंटाळा या तीन रोगांनी मरताहेत. त्यांनी तिथे पक्षी, कुत्री, मांजरं, झाडं आणि मुलांचा वावर आणला. प्रत्येक केंद्राला पक्षी आणायची गरज नाही, पण निदान अचूक होतं. भिंतीकडेने ओळीनं लावलेल्या खुर्च्या आणि कुणी बघत नसलेला टीव्ही, हे दृश्य जगात कुठेही सारखंच दिसतं.

किती वेळ दिला तर फरक पडतो? ब्रिटनमधल्या ६९ केंद्रांत ८४७ रहिवाशांवर झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला व्हेल्ड नावाचा अभ्यास याचं उत्तर देतो. कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री काळजी शिकवली, औषधांचा आढावा घेतला, आणि प्रत्येक रहिवाशाला त्याच्या आवडीनुसार आठवड्याला साधारण एक तास कुणाच्या तरी सोबतीत घालवता येईल असं बघितलं. नऊ महिन्यांनी जगण्याची गुणवत्ता सुधारलेली आणि अस्वस्थता कमी झालेली आढळली. खर्चही वाढण्याऐवजी वाचला. आठवड्याला एक तास! इतकं थोडं पुरतं, याचा आनंद वाटतो. आणि आधी तेवढंही मिळत नव्हतं, याचं वाईट वाटतं.

हाताला दिलेलं काम खरं असावं. रंगवायच्या चित्रांची पानं सगळ्यांना वाटून वेळ जातो, पण हिशेबनीसाला नाणी लावायला, शिंप्याला कापडाच्या घड्या घालायला, माळ्याला कुंड्यांना पाणी घालायला मिळालं की हात आपोआप चालतात. हातांची सवय शब्दांपेक्षा जास्त काळ टिकते. गाण्यांचंही तसंच. बोलणं जवळजवळ थांबलेली माणसं तरुणपणीच्या गाण्याची ओळ पूर्ण करतात. मात्र दिवसभर मोठ्यानं लावून ठेवलेलं संगीत हा त्रास असतो, संगीत नव्हे.

उजेडाकडे कुणी फारसं बघत नाही. नेदरलँड्समधल्या १२ केंद्रांत बसायच्या खोल्यांतले दिवे दिवसभर खूप प्रखर ठेवले. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत नैराश्याची लक्षणं १९ टक्क्यांनी कमी होती आणि बौद्धिक घसरणही थोडी मंदावली होती. झोपेसाठीचं मेलाटोनिन एकटं दिलं, तेव्हा मात्र मनःस्थिती उलट खालावली. दिवसा अंधारलेल्या खोलीत डुलक्या आणि रात्री दर दोन तासांनी दिवा लावून चादर बदलणं, असं असेल तर कुणाचीही झोप बिघडेल. दिवसा बाहेर नेणं आणि रात्री खरंच गरज असेल तेव्हाच उठवणं, इतक्यानंही डिमेन्शियात अनेकांना संध्याकाळी होणारी घालमेल कमी होऊ शकते.

इमारत

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या वेस्प गावातलं होखवेक हे २००९ साली सुरू झालेलं केंद्र बरंच गाजलं. तिथे सहा-सात जणांची छोटी घरं आहेत, आणि आवारातच दुकान, उपाहारगृह, बाग, चौक. सगळ्या आवाराला एकच राखलेलं दार. रहिवासी आत हवं तिथे फिरतात. अमेरिकेत बिल थॉमस यांच्याच प्रेरणेनं २००३ साली दहा-बारा जणांच्या घरांची ग्रीन हाऊस चळवळ सुरू झाली. दोन्हींतून घेण्यासारखं आहे ते घराचं लहान माप आणि फिरायची मोकळीक. ते शंभर खाटांच्या जुन्या इमारतीतही काही प्रमाणात करता येतं.

छोट्या दुरुस्त्यांना तर पैसेही फार लागत नाहीत. गडद पायपुसणं डिमेन्शिया असलेल्या नजरेला खड्डा वाटू शकतं, ते उचलावं. चकचकीत फरशी ओली वाटते. संडासाचं आसन भिंतीपेक्षा वेगळ्या ठळक रंगाचं असावं आणि अंथरुणावरून संडासाचं दार दिसावं. कपडे ओले होण्याचं प्रमाण त्यानंही घटतं. आरशातल्या म्हाताऱ्या अनोळखी माणसाला कुणी घाबरत असेल, तर आरसा झाकावा. पडू नये म्हणून बांधून ठेवणं मात्र उपाय नाही. बांधलेला माणूस स्नायू गमावतो आणि सुटल्यावर जास्त जोरानं पडतो. अमेरिकेनं १९८७ सालच्या कायद्यानं शिस्त लावण्यासाठी किंवा सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी केली. चालण्यात धोका आहेच; पण धोका शून्यावर आणायचा तर माणसाला खुर्चीत खिळवावं लागतं, आणि ती किंमत फार मोठी आहे.

काळजी घेणारे हात

वर लिहिलेलं सगळं शेवटी मदतनिसांच्या हातून होतं. त्यांना एका सकाळी बारा जणांची आंघोळ उरकायची असेल, तर कोमट टॉवेलची पद्धत कितीही चांगली असो, ती होणार नाही. एक दिवसाचं शिबिर घेऊन प्रमाणपत्रं वाटल्यानंही काही टिकत नाही. टिकतं ते रोजच्या कामात शेजारी उभं राहून दाखवलेलं, आणि चुकलं तर न ओरडता बोललं गेलेलं. शक्य तिथे त्याच रहिवाशांकडे तीच माणसं नेमावीत. ओळखीचा हात हा डिमेन्शियात फार मोठा आधार आहे, आणि वेदनेचा बारीक बदलही त्याच हाताला आधी कळतो. या कामाला मिळणारा पगार आणि मान पाहता ही माणसं टिकत नाहीत याचं नवल नाही. रहिवाशांच्या जगण्याची गुणवत्ता त्यांच्या पगारपत्रकावरही अवलंबून असते, हे केंद्राच्या मालकांना स्पष्ट सांगायला हवं.

घरच्यांना काय करता येईल? 'मी कोण? ओळखलंस का?' अशी परीक्षा घेऊ नये. 'बाबा, मी तुमची धाकटी' असं सांगूनच समोर जावं. 'मला घरी जायचंय' असं म्हणाले तर 'हेच आता घर' असा वाद घालू नये. 'घरी कोण कोण असायचं?' असं विचारून बोलतं करावं. बहुतेकदा त्या मागणीत पत्त्यापेक्षा सुरक्षिततेची ओढ जास्त असते. केंद्र निवडताना दिवाणखाना बघून ठरवू नका. सकाळी दहाच्या सुमारास, आधी न कळवता जा, कुठेतरी कोपऱ्यात बसा आणि बघा: खाली वाकून, डोळ्यांत बघून कुणी बोलतंय का. ओरडणाऱ्या आजोबांकडे जाणारी व्यक्ती आधी विचारते की आधी हात धरते. उशिरा उठलेल्याला नाश्ता मिळतो का. आणि एखाद्या मदतनिसाला, तिला सवड असेल तेव्हा, इथल्या कुणा एका रहिवाशाबद्दल सांगायला सांगा. ती आजारापासून सुरुवात करते की त्या माणसाला काय आवडतं यापासून, हे लक्ष देऊन ऐका.